एकाच जागी झिजलेला टायर

सिग्नल बदलायची वाट बघत तो फुटपाथच्या कडेला उभा होता, आणि उभ्या उभ्याच डावीकडच्या बाईच्या अंगावर गेला. कुणी ढकलल्यासारखा नव्हे, पेंगल्यासारखाही नव्हे. भिंतीला लावलेली शिडी हळूच घसरावी तसा. बाईच्या हातात औषधांची पिशवी होती. तिनं एका हातानं पिशवी छातीशी धरली, दुसऱ्यानं त्याचं कोपर. म्हणाली, "काका, चक्कर येतेय का? बसता का जरा?" तो म्हणाला, "नाही, नाही, चक्कर नाही. तोल गेला." आणि शब्द तोंडातून गेल्यावर त्याचा त्यालाच चटका बसला. चाळीस वर्षं एका चाकावर काढलेला माणूस, तोल गेला म्हणतो, तेही दोन पायांवर उभा असताना, ओळखदेख नसलेल्या बाईला. सिग्नल बदलला, माणसं पुढे गेली, बाईही दोनदा मागे वळून बघत गेली. तो तिथेच राहिला. तेव्हा त्याला दिसलं की आपला उजवा हात अंगापासून वीतभर पुढे आहे. तळवा वर, बोटं अर्धी मिटलेली. कधीपासून होता कोण जाणे. त्या बाजूला गर्दीतही माणूसभर जागा मोकळी राहिली होती. लोकांना वाटलं असेल याच्याबरोबर कुणीतरी आहे. त्यानं हात खिशात घातला. पलीकडे पोचेपर्यंत तो परत बाहेर आलेला होता.

खेळाचं सभागृह म्हणजे पूर्वीचं कापसाचं गोदाम. उंच छत, वर काचेच्या तिरप्या खिडक्या, खाली फळ्यांची जमीन. शनिवार-रविवारी खुर्च्या मांडायच्या, एरवी त्या भिंतीशी रचलेल्या. इथे त्यांची दोघांची गिरकी सत्तावीस वर्षं चालली. तो एका टोकाकडून यायचा, बायको दुसऱ्या टोकाकडून, दोघंही एकचाकीवर. मधोमध गाठ पडली की उजव्या हातानं उजवं मनगट धरायचं आणि गरगर फिरायचं. वीस फेरे, कधी पंचवीस. तो खोगिरावर ताठ, देवळातल्या खांबासारखा. ती बाहेरच्या अंगाला झुकलेली, डावा हात पसरून, केस सुटलेले. जाहिरातीच्या फलकावर पहिल्याच वर्षी कुणीतरी 'खुंटा आणि पाखरू' असं लिहिलं आणि ते चिकटलं. तेव्हापासून मंडळीत त्याला कुणी नावानं हाक मारली नाही. खुंटा. पुढे वय झालं तसं खुंटेकाका. त्याला आवडायचं ते. खुंटा पक्का असला की पाखरानं खुशाल भिरभिरावं. एकदा सगळ्या मंडळींसमोर, चहा पिता पिता, तो तिला म्हणाला होता, "मी हात सोडला ना एक दिवस, तर जाशील सहाव्या रांगेत कुणाच्या तरी मांडीवर." सगळे हसले. तीही हसली. बशीत चहा ओतत म्हणाली, "सोडून बघा की एकदा." त्यानं सोडून बघितला नाही. तीच गेली, दहा महिन्यांपूर्वी, तीन आठवडे तापात काढून.

मॅनेजर भला माणूस होता. दहा महिने तो गप्प बसला, म्हणजे भलाच. मग एक दिवस त्यानं खुर्ची पुढे ओढून दिली आणि म्हणाला, "खुंटेकाका, तुमच्याबद्दल मला किती आदर आहे ते तुम्हाला ठाऊकच आहे." आदरापासून सुरुवात करणारा माणूस शेवट कुठे करणार हे कळायला पांढरे केस पुरेसे असतात. तो म्हणाला, "सरळ बोला हो." मॅनेजर म्हणाला, "सरळ सांगायचं तर, जोडीचा खेळ एकट्यानं होत नाही. आणि नवीन जोडीदार तुम्ही घेणार नाही." तो म्हणाला, "नाही." मॅनेजर म्हणाला, "मग एकट्याची गिरकी बसवा. पण गुळगुळीत हवी, काका. हिसके नकोत, धडपड नको, लोण्यातून सुरी गेल्यासारखी. दोन महिने घ्या. मग एका शनिवारी दुपारी मी बघेन. जमली तर तुमची जागा तुमचीच. नाही जमली तर दारावर उभे रहा, तिकिटं बघा, तुम्हाला घरी कोण पाठवतंय." तो म्हणाला, "दारावर खुंटा शोभेल." मॅनेजर हसला नाही. बाहेर आल्यावर त्याला वाटलं होतं, त्यात काय एवढं. गिरकीतलं अवघड काम आपण केलं आयुष्यभर. तिचं वजन होतं, ते सांभाळायचं होतं. आता तेही नाही. एकट्यानं फिरणं म्हणजे हातातली घागर खाली ठेवून चालण्यासारखं.

पहिल्या दिवशी तो अठरा वेळा पडला. अठराही वेळा डाव्या बाजूला. मोठ्या वर्तुळात तो सहज जायचा, वर्तुळ लहान करत आणायचा, आणि जिथे वर्तुळ संपून गिरकी सुरू व्हायची, नेमक्या त्या ठिकाणी चाक खालून निसटायचं आणि फळ्या वर यायच्या. डावा खुबा काळानिळा झाला, मग हिरवा, मग पिवळा, आणि पिवळ्यावर परत काळा. दुपारच्या वेळी सभागृहात त्याच्याशिवाय एकटी तारवाली असायची. ती दोन खांबांमध्ये तार बांधून तिच्यावर चालायची, आणि कंटाळा आला की वरच बसून सफरचंद खायची. तिनं आठवडाभर काही म्हटलं नाही. आठव्या दिवशी वरूनच म्हणाली, "काका, एक बोलू?"

"बोल की. वर बसलीयस, तुला कोण अडवणार?"

"तुम्ही लटकताय."

"कशाला लटकतोय? इथे आहे काय लटकायला?"

"ते मला काय ठाऊक. तुमचं तुम्हाला. पण इथून दिसतं ना, की उजवीकडे काहीतरी आहे आणि तुम्ही त्याला धरून बाहेर लोंबकळताय. ते नाहीये, म्हणून पडताय."

"मी खुंटा आहे, पोरी. खुंट्याला लोक लटकतात. खुंटा कुणाला लटकत नाही."

"असेल," ती म्हणाली आणि बी थुंकली. "मग खुंटा दर वेळी डावीकडेच का पडतो?"

तो त्या दिवशी चिडून घरी आला. दोन खोल्या, ओटा, ओट्यावर तिचा एक कप आणि त्याचा एक. पलंगावर तो अजून आपल्याच कडेला झोपायचा. पडल्या पडल्या त्यानं तारवालीला मनातल्या मनात चार शब्द सुनावले. कालची पोर, शहाणपण शिकवते. पण अंग खोटं बोलत नाही, निदान त्याचं बोलत नसे. डोळे मिटले की त्याला गिरकी आठवायची, आणि आठवण चित्राची नसायची. दंडातल्या ओढीची असायची. उजव्या मनगटाभोवती तिची चार बोटं आणि अंगठा, पकडीसाठी लावलेल्या खडूची कोरडी पूड, आणि खांद्यापासून कमरेपर्यंत एक ताण, गोड, पक्का. तो नेहमी त्याला तिचं वजन म्हणायचा. केवढीशी ती, तिचं वजन ते केवढं. सत्तावीस वर्षं त्याला हा प्रश्न पडला नव्हता, कारण तो ताण हवाहवासा होता आणि हव्याहव्याशा गोष्टीचा हिशोब कोण करतो. आता मात्र तारवालीचं बोलणं दाढेत अडकलेल्या तुसासारखं टोचत राहिलं.

तारवालीनंच मग त्याला शिकवलं, तारेवर बसून, पाय हलवत. नजर खाली नको, समोर धरा आणि समोरचं सगळं वाहू द्या. आधी खांदे वळवा, कंबर मागून येईल, तिला बोलवावं लागत नाही. हात पसरून सुरुवात करा आणि फेऱ्यागणिक जवळ आणा, भाकरीसारखं कवटाळा स्वतःला. आणि टेकू नका, काका, कशालाही टेकू नका. "स्वतःला टेकलं तर चालेल?" त्यानं विचारलं. ती म्हणाली, "तेवढंच तर करायचंय." त्याला ते सगळ्यांत अवघड गेलं. पायांना, खांद्यांना कळायचं; उजव्या हाताला कळेना. तो सतत बाहेर जायचा. शेवटी त्यानं एका दुपारी तो हात पट्ट्यानं अंगाशी बांधला आणि मग त्याला त्या महिन्यात पहिल्यांदा दोन फेरे मिळाले, वाकडे, हिसक्याचे, पण फेरे. तारवालीनं वरून टाळी वाजवली. त्यानं पट्टा सोडला. दंडावर वळ उठले होते. आपण कुणाचे तरी हात बांधले असं त्याला वाटलं.

सहाव्या आठवड्यात सहा फेरे झाले, सातव्याच्या सुरुवातीला नऊ. गुळगुळीत नव्हते, दर फेऱ्याला एके ठिकाणी चाकाला धक्का लागायचा, कापडाला गाठ असावी तसा. तो चाक काढून खिडकीखाली घेऊन बसला. चाकांची देखभाल त्याची, पहिल्यापासून. तिचंही चाक तोच बघायचा. मांडीवर चाक घेऊन बोटानं हळूहळू फिरवताना बोटाला एका जागी गुळगुळीत लागलं. तळहाताएवढी जागा. तिथली नक्षी पूर्ण गेली होती, रबर पुसून पांढरट झालं होतं. बाकीचा टायर नवा असल्यासारखा. त्यानं बोट पुढे नेलं, मागे आणलं, परत त्याच जागी ठेवलं. आपल्या टायरवर अशी जागा त्यानं चाळीस वर्षांत पाहिली नव्हती.

पण तिच्या टायरवर पाहिली होती. दर चार महिन्यांनी पाहिली होती. तिचं चाक मांडीवर घेतलं की तीच तळहाताएवढी पुसलेली जागा, कधी तर आतले धागे दिसायचे. मग तो तिचा टायर रिमवरून सोडवून पाव फेरा सरकवून परत बसवायचा, म्हणजे दुसरी बाजू घासेल, आणि बसवता बसवता तोंड चालू असायचं. "पाय आपटतेस तू. किती वर्षं झाली, अजून पाय आपटतेस. माझा टायर बघ. सगळीकडे सारखा. याला म्हणतात चाक चालवणं." ती समोर बसून भाजी निवडत असायची, किंवा मुलीची वेणी घालत. "हो ना," म्हणायची. "जातो बाई पाय माझा." एकदा त्यानं दोन्ही टायर मंडळीतल्या नव्या पोरांसमोर शेजारी शेजारी ठेवून दाखवले होते. हा वाईट चालवणाऱ्याचा, हा चांगला चालवणाऱ्याचा. ती दारात उभी होती. तिनं मान डोलावली होती, पोरांकडे बघून.

आता त्याच्या मांडीवर त्याचं स्वतःचं चाक होतं आणि त्यावर वाईट चालवणाऱ्याची जागा होती. गिरकी घेताना दर फेऱ्याला एका क्षणी पाय रोवावा लागतो, चाक जागच्या जागी पिळून अंग वळवावं लागतं. तो पाय दर वेळी त्याच जागी येतो. जो गिरकी घेतो त्याचा टायर तिथे झिजतो. जो नुसता फिरवला जातो त्याचा झिजत नाही, सगळीकडे सारखा राहतो. एवढंच होतं. गणित तिसरीतल्या पोराला सुटावं असं. ती बाहेर झुकायची ती लटकायला नव्हे, त्याला ओढून धरायला. तो ताठ बसायचा आणि ती त्याला फिरवायची, बावीस फेरे, तेवीस, चोवीस, आणि मग टाळ्या पडायच्या आणि तो मधे उभा राहून आधी वाकायचा. त्याला तिचं मनगट आठवलं. तिथे हाडाला उंचवटा आला होता, आवळ्याएवढा. ती त्याला फडकं गुंडाळायची. "हवा बदलली की दुखतं," म्हणायची, आणि तो म्हणायचा, "हवा तुझ्या एकटीसाठीच बदलते वाटतं." इस्पितळात नर्सनं सलाइन लावताना विचारलं होतं, "हे मनगट कधी मोडलं होतं?" ती बोलायच्या आत त्यानं उत्तर दिलं होतं, "छे, मोडलंबिडलं काही नाही. मी कधी पडू दिलं नाही हिला." तिनं त्याच्याकडे बघितलं होतं. मग डोळे मिटून घेतले होते. तापानं मिटले असं त्याला वाटलं होतं.

रविवारी मुलगी आली. चष्म्याच्या दुकानात होती ती, दर रविवारी डबा घेऊन यायची, भांडी घासायची आणि बापाचा चष्मा ओढून घेऊन पुसून द्यायची. तो ओट्याशी टेकून उभा राहिला. कसं काढावं बोलणं ते त्याला सुचेना. शेवटी म्हणाला, "तुझ्या आईचा टायर एका जागी घासायचा."

"हं."

"मी तिला बोलायचो त्यावरून."

"ऐकलंय की सगळं. बाबा, चष्मा द्या इकडे, काय हे बोटांचे ठसे."

"ती मला धरून होती," तो म्हणाला. "मी नव्हे. ती."

मुलीनं चष्मा पुसणं थांबवलं नाही. कापड गोल गोल फिरत राहिलं. मग म्हणाली, "माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"नऊ-दहा वर्षांची असेन. सभागृहात मागे बसून बघायचे ना रोज. मी आईला विचारलं, बाबा नुसते बसतात का गं? तर तिनं मला जवळ ओढलं आणि म्हणाली, हे बाबांना बोलायचं नाही हं कधी."

"का?"

मुलीनं चष्मा त्याच्या हातात दिला. "जाऊ द्या ना आता, बाबा."

"का म्हणाली?"

"म्हणाली, त्यांना कळलं तर ते पडतील."

चष्मा घातला तरी त्याला खोली नीट दिसेना. मुलगी भांड्यांकडे वळली. पाठमोरीच म्हणाली, "हसत म्हणाली होती हो. चिडून नाही. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका." त्यानं विचारलं, "मनगटाचं?" ती म्हणाली, "तिला म्हटलं होतं मी, एकदा डॉक्टरला दाखव. तर म्हणे, डॉक्टर म्हणेल खेळ बंद करा. मग हे काय करतील दिवसभर?" नळाचं पाणी बराच वेळ वाहत राहिलं. डब्यात काय होतं, त्यानं काय खाल्लं, मुलगी कधी गेली, हे त्याला नंतर आठवेना. एवढंच आठवलं की जाताना तिनं दारात त्याचा उजवा हात धरून खाली केला होता, लहान मुलाचा करतात तसा. म्हणजे तो परत पुढे गेला असणार.

शनिवार आला तेव्हा मधले पाच दिवस तो चाकावर बसलेला नव्हता. तारवालीनं निरोप पाठवला, तोही त्यानं टाळला. पडायचं होतं त्याला. शनिवारी, मॅनेजरच्या समोर, सगळ्यांच्या देखत, डाव्या अंगावर, चांगलं दणकून. म्हणजे तिचं म्हणणं खरं ठरलं असतं. तिनं एवढी वर्षं जे झाकून ठेवलं त्याला काही कारण होतं असं झालं असतं. दारावर उभं राहून तिकिटं बघायला त्याची ना नव्हती. तिनं ओळखला होता तेवढाच आपण होतो, एवढं कळलं की पुरे. सभागृहात तिरप्या काचांमधून ऊन आलं होतं आणि फळ्यांवर त्याचे पांढरे पट्टे पडले होते. मॅनेजर एकट्या खुर्चीवर बसला होता, गुडघ्यावर कपबशी. तारवाली आज तारेवर नव्हती, खांबाला टेकून खाली उभी होती. मॅनेजर म्हणाला, "होऊ द्या, काका. घाई नाही."

तो चाकावर चढला. मोठं वर्तुळ, मग लहान. पट्टे, खुर्च्या, खांब, मॅनेजरचा कप, सगळं वाहायला लागलं. त्यानं काहीच धरून ठेवलं नाही. पडायचंच होतं तर धरायचं कशाला. खांदे वळले, कंबर मागून आली. पाय त्या पुसलेल्या जागेवर आला, रोवला गेला, सुटला, परत आला. उजवा हात बाहेर गेला आणि या वेळी त्यानं त्याला अडवलं नाही, बांधलं नाही. तो हात तिथे काही मागायला गेलाच नव्हता. आपला आपण जवळ आला आणि छातीशी विसावला. तीन फेरे, चार, सहा. पडशील आता, त्यानं स्वतःला सांगितलं. तुला कळलंय, आता पड. आठ. नऊ. गाठ लागायची ती जागा आली आणि कळलीही नाही, चाक तिच्यावरून पाण्यासारखं गेलं. बारा. सभागृहात फक्त टायरची बारीक सुरसुर होती. अंगात कुठेही ताण नव्हता. खांद्यात नाही, मनगटात नाही, कमरेत नाही. वर्षभर जो ताण शिल्लक होता, ज्याच्यावर तो झोपत-उठत-चालत होता, तो त्यानं शोधला, फिरता फिरता, आणि तो नव्हता. चौदा. पंधरा. त्याला सगळं कळलं होतं आणि तो पडत नव्हता.

"वा," मॅनेजर म्हणाला. कप खाली ठेवून उभाच राहिला. "वा, काका. पुरे, पुरे. उतरा आता."

तारवालीच्या तोंडावर हात होता.

त्याला ऐकू आलं. पण तो फिरतच राहिला, कारण थांबलं की ते कुणाला तरी सांगावं लागणार होतं. की अगं, मी पडलो नाही. पहिल्या वर्षीच सांगितलं असतंस तरी पडलो नसतो. चार शिव्या दिल्या असत्या, दोन महिने धडपडलो असतो, खुब्याला काळंनिळं करून घेतलं असतं, आणि शिकलो असतो. मग गिरकी पाळीपाळीनं घेतली असती, एक तुझी, एक माझी. तुझं मनगट शाबूत राहिलं असतं. एवढी एकच गोष्ट तुझी माझ्याबाबतीत चुकली. सत्तावीस वर्षं चुकली, आणि ती चूक तू हातात धरून राहिलीस. मोजणं केव्हाच सुटलं होतं. मॅनेजर काहीतरी बोलत होता, आवाज चहूबाजूंनी येत होता. गिरकी गुळगुळीत होती. तिला कुठेही खंड नव्हता, कुठेही खाच नव्हती, एखाद्या माणसाचा हात मावेल एवढीसुद्धा.